मावशीचा दारवान

आमची मावशी दुधाच्या पिशवीवरही आधी संशय घेते, मग ती फोडते. दाराची बेल वाजली की ती "कोण?" म्हणत नाही, "काय हवंय?" म्हणते. घरात सगळे तिला फौजदार म्हणतात. अर्थात ती आंघोळीला गेल्यावर.

पोटापाण्यासाठी ती मोबाइलची अ‍ॅप्स बनवते. तिथेही पहारा आहेच. माणसानं लिहिलेलं फोनला कळेल असं करून देतो तो कंपायलर. त्याच्या दारात मावशीनं स्वतः लिहिलेला छोटा प्रोग्रॅम उभा केलाय: दारवान. फाइल बदललेली असेल तरच आत सोडायची, नाहीतर मागचाच तयार माल हातावर ठेवायचा. वेळ वाचतो. तिच्या संशयातून सुटलेला जगात तो एकटाच.

औषधाची आठवण करून देणाऱ्या अ‍ॅपची घंटा तासभर उशिरा वाजायला लागली. दुरुस्ती ऑफिसातल्या नव्या माणसाकडे होती. मावशी त्याला गोगलगाय म्हणते, कारण त्याचं वाक्य संपेपर्यंत आपला चहा गार होतो.

"ताई... मी वेळ... दुरुस्त केलीय. माझ्याकडे... बरोबर वाजते. तो तुमचा..."

"तुझ्याकडे बरोबर आणि माझ्याकडे चूक? वा रे वा!" मावशीनं फोन ठेवला आणि आईकडे वळली. "हा काही करत नाही गं, नुसतं केलं केलं म्हणतो. याला कायम करायचं की घालवायचं, साहेब आज मलाच विचारणारेत."

"अगं, सबुरीनं घे. कशाला बिचाऱ्याच्या पोटावर पाय?"

"बिचारेच वस्ताद असतात."

साहेबांना निरोप लिहून झाला, पाठवायचा तेवढा बाकी: 'हा माणूस खोटं बोलतो.' पण पुराव्याशिवाय फौजदार कसला! त्यानं बदललेली फाइल होती सेटिंगची; बाकीच्या सगळ्या फाइली तिच्यातूनच वेळ घेतात. मावशीनं सापळा लावला. त्या फाइलीत मधोमध लिहिलं, 'अबडक तबडक.' आता कंपायलरनं बोंब मारायलाच हवी.

बटण दाबलं. पडद्यावर हिरवंगार: सगळं ठीक.

"बघ! ही फाइल वापरातच नाही. यानं भलतीकडेच..." मावशी थांबली. "पण ही तर मीच जोडली होती."

तिचे डोळे बारीक झाले. या वेळी ते दारवानाकडे वळले होते. त्याला बाजूला करून तिनं फाइली थेट कंपायलरकडे धाडल्या. पडदा लालभडक! चुकांच्या यादीत पहिलंच नाव: अबडक तबडक.

दारवान फक्त दारातल्या फाइलीचं तोंड बघत होता. तिच्या बगलेतली सेटिंगची फाइल बदललीय, हे तो बघतच नव्हता. मी त्याचा आवाज काढला, "तुम्ही कालचेच की! घ्या कालचंच, निघा!" कोणी हसलं नाही.

मावशीनं अबडक पुसलं, दारवानाशिवाय अ‍ॅप बनवलं. घंटा वेळेवर वाजली. तिनं फोन लावला.

"तुझ्याकडे दारवान नाही?"

"लावला... नाही, ताई. मला त्याचा... जरा... संशय होता."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलत... होतो. तुम्ही... फोन ठेवलात."

मावशीनं पहिल्यांदाच त्याचं वाक्य संपू दिलं होतं. मग तिनं साहेबांसाठी लिहिलेला निरोप पुसून नवा लिहिला: 'दुरुस्ती त्याचीच बरोबर. घोळ माझ्या दारवानाचा. माणूस कायम करा.'

पाठवला, आणि फोन माझ्यापुढे सरकवला. "वाचला का बघ रे त्यांनी. साहेबांचा काही भरवसा नाही."