तारांवरून घेतलेला पदर

अनेक भाषा येणारा मेंदू बोलणं कसं ऐकतो, यावर मी पीएच.डी. करतो. आज प्रयोगाला सोलापूरच्या एक तेलुगू आजी आल्या होत्या. डोक्यावर मेंदूच्या लहरी टिपणारी तारांची टोपी चढवून त्यांनी मराठी आणि हिंदी वाक्यं स्वस्थ बसून ऐकली. मग एका वयस्कर पुरुषाच्या आवाजात तेलुगू सुरू झालं, तसा त्यांनी नकळत पदर ओढून तारांवरून डोक्यावर घेतला. पडद्यावरच्या रेषा विस्कटल्या.

"मामंजींसारखाच आवाज वाटला हो," त्या ओशाळून म्हणाल्या.

हालचालीने बिघडलेली नोंद बाद करायची असते. माझा हात मात्र तसाच थांबला.

माझे बाबाही तेलुगूच. आमची मराठी बिघडू नये म्हणून त्यांनी आम्हा मुलांना तेलुगू शिकवलं नाही. शेवटी पक्षाघात झाला, मराठी गेली आणि त्यांच्या तोंडी तेवढं तेलुगूच उरलं. मी उशाशी बसून प्रत्येक वाक्याला "हो बाबा" म्हणायचो. एकदा त्यांनी माझा हात धरून काहीतरी विचारलं. मी हो म्हटलं, आणि ते तोंड फिरवून रडले.

मी कशाला हो म्हणालो, ते मला अजून माहीत नाही.