पखवाजाची कणीक

निजामाच्या मुलखात रोज गव्हाची कणीक दोघांनाच मिळत असे: खुद्द निजाम सरकारला आणि माझ्या आतेभावाच्या पखवाजाला. बाकी आम्ही सगळे जाफराबादजवळच्या आमच्या गावात ज्वारीची भाकरी मोडत होतो. विधवा झाल्यावर आत्या लेकाला घेऊन आमच्याकडेच राहायला आली, तेव्हा पखवाजही आला. त्याच्या डाव्या बाजूला ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही. म्हणून आत्या मूठभर गहू दळायची, मळायची आणि हा तोंड वाकडं करून ती कणीक दोन बोटांनी दाबून बघायचा. "माय, सैल झाली. हिनं नाद धरायचा न्हाई." त्या नापास कणकेची पोळी होऊन आम्हा पोरांच्या वाट्याला यायची. आत्याची कणीक बिघडू दे, असं मारुतीला साकडं घालणारी पोरं साऱ्या तालुक्यात आम्हीच असू.

त्याच्या हाताला स्वस्थता म्हणून नव्हती. सूप, हंडा, बैलाची पाठ, न्हाव्यापुढे बसला तर स्वतःची मांडी, कशावरही बोल सुरू. आमचा एक बैल तर पुढं पुढं थाप पडल्याशिवाय उठेनासा झाला. भोकरदनला एका भजनात बुवांची सम पुन्हा पुन्हा चुकू लागली, तेव्हा यानं पखवाज अलगद खाली ठेवला आणि म्हणाला, "बुवा, तुमी सम हुडकून ठेवा, मी तवर पाणी पिऊन येतो." बुवा लालबुंद झाले. पण पुढच्या भजनाला त्यांनी यालाच बोलावणं धाडलं.

गुणाची कदर करणाऱ्या माणसांइतकी घातकी माणसं मी पाहिली नाहीत. जालन्याला मस्तगडात एक शेठजी होते. त्यांच्याकडे भजनाआधी वादकाला पानातून अफूची गोळी द्यायची पद्धत होती. तो मान होता. नको म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. "घ्या, बिलकुल खालिस माल आहे. गोळीबिगर हातात जान येत न्हाई," असं शेठजी मोठ्या प्रेमानं म्हणायचे. यानं घेतली. हळूहळू गोळीशिवाय याचं बोट हलेना, आणि गोळी उशिरा मिळाली की हात थरथरू लागला. त्या थरथरीलाही मंडळी नवी करामत समजून "वाहवा" म्हणत माना डोलवायची. इतके ते जाणकार!

शेवटी माझे वडील जालन्याला जाऊन त्याला घरी घेऊन आले. त्याचं ओरडणं, कुढणं, घामानं भिजणं आत्यानं उशाशी बसून काढलं. मग एका सकाळी तो आपण होऊन उठला. "माय, कणीक मळ." त्या दिवशी त्यानं ती दाबून बघितली आणि खोड न काढता पखवाजाला लावली. मारुतीच्या पारावर तो वाजवत होता आणि औताला निघालेली माणसं बैलांसकट थांबली होती. तसा पखवाज मी परत ऐकला नाही. आत्या डोळ्याला पदर लावून म्हणाली, "आलं गं बाई माझं लेकरू माघारी."

थोड्याच दिवसांत शेठजींची गाडी दारात उभी राहिली. उत्सव होता. आत्यानं त्यांना गोळी न देण्याची शपथ घ्यायला लावली. त्यांनी घेतलीही. पण जालन्यात जमलेल्या चाहत्यांना शपथ माहीत नव्हती आणि शेठजींना ती आठवली नाही. आतेभाऊ त्याच थंडीत गेला. तिशी काही त्याला बघायला मिळाली नाही.

दहाव्याला नदीवर तीच मंडळी आली आणि आमच्याहून मोठ्यानं रडली. पिंडाला कावळा शिवेना. तेव्हा शेठजी पुढं झाले, खिशातून अफूची गोळी काढली आणि हळूच पिंडाजवळ ठेवली. "याच्यातच जीव आडकून राह्यला असंल त्याचा." आत्यानं ती गोळी उचलून नदीत भिरकावली. "जित्तेपणी हेच घातलंत त्याच्या तोंडात. आता मेल्यावर तरी सोडा की माझ्या लेकराला!"

कावळा आला तेव्हा ऊन चांगलं वर चढलं होतं. तोवर शेठजींची गाडी निघून गेली होती.

घरी आल्यावर आत्यानं पखवाजासाठी राखून ठेवलेले सगळे गहू दळले आणि आम्हा सगळ्यांना पोळ्या केल्या. पाहिजे तेवढ्या होत्या. ज्यांनी लहानपणी तिची कणीक बिघडावी म्हणून देवाला साकडं घातलं होतं, ते आम्ही ताटावर माना खाली घालून बसलो, आणि पोळी कुणीच मोडेना.