लसणाच्या सॉसचं मीठ

रमजान लागला की जेद्द्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मला फार मान मिळतो. त्याचं कारण माझा स्वभाव नव्हे, हे आधीच सांगते. दिवसभर रोजा असलेल्या बायका संध्याकाळच्या इफ्तारचा स्वयंपाक करतात, पण त्यांना चव घेता येत नाही. काही जणी म्हणतात, जिभेच्या टोकाला लावून थुंकलं तर चालतं. समोरच्या फ्लॅटमधल्या अम्मांना ते मुळीच मान्य नाही. मग रश्शात मीठ कमी की जास्त, हे सांगणार कोण? दुपारी बिल्डिंगमध्ये जागी असलेली, रोजा नसलेली आणि तोंडावर खरं बोलणारी बाई एकच. मी.

समोरचं कुटुंब रत्नागिरीच्या किनाऱ्याकडचं. भाभी, त्यांच्या सासूबाई म्हणजे अम्मा, आणि भाभींची आठ वर्षांची मुलगी. भाभींचे यजमान मक्क्यात यात्रेकरूंच्या बसगाड्यांचं काम बघतात, त्यामुळे रमजानात ते घरी फक्त फोनवर दिसतात. आम्ही साताऱ्याकडचे. माझा नवरा बंदरात क्रेनच्या देखभालीवर आहे.

इथल्या आमच्या पहिल्याच रमजानात दुपारी बेल वाजली. दारात भाभी, हातात वाटी, वाटीत दोन चमचे रस्सा. मी मनात म्हटलं, बाई हात आखडून देतात अगदी, पण देतात तरी. थँक्यू म्हणून वाटी घेतली आणि दार लावलं. लगेच पुन्हा बेल.

"वहिनी, ते खायला नाही दिलं," भाभी म्हणाल्या. "मीठ सांगा."

मी चाटून सांगितलं, कमी आहे. त्यांनी वाढवलं. इफ्तारला अम्मांनी रस्सा दोनदा मागून घेतला, आणि माझी कीर्ती जिन्यानं वर-खाली गेली. वरच्या मजल्यावरची हैदराबादची बाई हलीम घेऊन यायला लागली, खालची केरळची बाई माशाचं कालवण. मी पण भीडभाड ठेवत नाही. खारट आहे, आंबट आहे, काहीच नाहीये, पुन्हा करा. एरवी असं बोलले की लोक रागावतात, रमजानात शुक्रिया म्हणतात. या महिन्यात सगळ्यांची वजनं उतरतात आणि माझं चढतं, ते असं.

तर भाभींच्या मुलीचा पहिला रोजा. आदल्या वर्षी तिनं चिडीचा रोजा केला होता, म्हणजे लहान मुलं दुपारपर्यंत करतात तो अर्धा. या वर्षी मात्र तिच्या वर्गातल्या एका मुलीनं पूर्ण केल्याचं शाळेत गाजलं होतं, त्यामुळे हिनं जाहीर केलं की आता पूर्ण. पहिला रोजा सोडताना लेकराला हवं ते खायला घालायचं, अशी त्यांच्या घरची रीत. अम्मांच्या डोळ्यांसमोर बिर्याणी होती, खीर होती. मुलगी म्हणाली, "फ्राइज. विथ व्हाइट सॉस."

व्हाइट सॉस म्हणजे इथे ब्रोस्ट चिकनच्या दुकानात चिमुकल्या डबीत मिळतो तो लसणाचा पांढरा सॉस. या डबीसाठी इथली मुलं आईबापांना विकतील. अम्मांनी निकाल दिला, "फ्राइज खा, सॉस खा. पण पहिला रोजा बाहेरच्या खाण्यावर नाय सुटायचा. घरात करा." मुलीनं अट घातली, "सेम टू सेम होना चाहिए." आणि दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी आहे ना.

घरी येऊन भिंतीवरचं कॅलेंडर बघते तर त्याच दिवशी संकष्टी.

संकष्टी मी लग्नापासून करते. आजारपणात केली, विमानात केली, एकदाही मोडली नाही. चंद्र उगवेपर्यंत लसूण तोंडात घालायचा नाही. बटाट्याला दोन्ही घरांत परवानगी होती, अडत होतं ते लसणाशी. बिल्डिंगची अधिकृत जीभ नेमकी त्याच दिवशी रजेवर.

अम्मांना माझ्या उपासाबद्दल तसाही आदर नव्हता. "पाणी पितेस, चा पितेस, साबुदाणा खातेस, वरनं शेंगदाणे खातेस," त्या एकदा म्हणाल्या होत्या. "मग उपास कोनाचा गो? भाताचा?" मी रागानं लाल झाले होते.

त्या दिवशी दुपारी आम्ही तिघी भाभींच्या स्वयंपाकघरात उभ्या राहिलो. कृती तशी सोपी: लसूण, तेल, लिंबू, मीठ, आणि मिक्सर फिरवत राहायचं. मुलगी हॉलमध्ये एसीखाली गार फरशीवर उताणी पडून होती. ओठ सुकले होते. मधूनच आवाज यायचा, "आंटी, अभी कितना टाइम है?" मी तासाभरानं कमीच सांगत होते. भाभींचा जीव अर्धा मिक्सरमध्ये, अर्धा हॉलमध्ये. त्या जाऊन म्हणाल्या, "बेटा, सोडायचा का? पुढच्या वर्षी कर. कोणी काही म्हणणार नाही." मुलगी उठून बसली, डोळ्यांत पाणी, पण मान नाही अशी हलवली. म्हणाली, सॉस दाखवा.

आता दाखवणार काय? तेल एकीकडे आणि लसूण दुसरीकडे, सॉस फाटला होता. मी तिला लांबूनच मिक्सरचं झाकण दाखवलं. तेवढ्यावर ती परत आडवी झाली. मला त्या क्षणी वाटलं, आज हा सॉस बिघडला तर मी या पोरीला तोंड दाखवू शकणार नाही.

भाभी म्हणाल्या, उकडलेला बटाटा घालू, मिळून येईल. अम्मा म्हणाल्या, नारळाचा रस घाला, कोकणात काय बी फाटू देत, नारळानं शिवता येतं. मला हिरव्या मिरचीचा मोह होत होता. तो मी आवरला, याची कुणी दखल घेतली नाही. शेवटी बटाटा घातला. म्हणजे तळलेला बटाटा उकडलेल्या बटाट्यात बुडवून खायचा होता. पण सॉस मात्र खरोखर पांढरा, मऊ, अगदी डबीतल्यासारखा झाला.

दिसायला सेम टू सेम. चवीचं काय? वरच्या मजल्यावरचीचा रोजा, खालचीचा रोजा. वॉचमनचा पण रोजा. मी नवऱ्याला उठवून आणलं. रमजानात बंदरात कामाचे तास कमी असतात, त्यामुळे तो झोपला होता. केस उभे राहिलेले, बनियनवर घाईनं शर्ट चढवलेला. तिघी बायका त्याच्या तोंडाकडे टक लावून बघतायत. त्यानं चमचा चाटला.

"छान," तो म्हणाला.

"मीठ कमी आहे का?"

"छान आहे."

"मग जास्त आहे का?"

"छान आहे की."

यात त्याची चूक नाही. लग्नाच्या पहिल्या महिन्यात त्यानं एकदा माझ्या आमटीबद्दल खरं मत दिलं होतं, तेव्हापासून तो सुधारला. पण सॉससाठी तो कुचकामी निघाला. अम्मांनी त्याला दुवा देऊन परत पाठवलं. भाभी मुलीच्या कपाळावर ओला हात फिरवायला हॉलमध्ये गेल्या, अम्मा खजूर काढायला. मी एकटीच सॉसपाशी. मी वाकून बघितलं. इतकी वर्षं चव घेऊन घेऊन मला रंगावरूनही समजतं, असा माझा एक समज आहे. मला तो सॉस अळणी दिसला. चिमूटभर टाकलं. मग आणखी थोडं.

मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजची वेळ झाली तेव्हा मुलगी नवा फ्रॉक घालून, ओढणी घेऊन जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानापाशी बसली होती. समोर पाण्याच्या ग्लासला टेकवून ठेवलेल्या फोनवर मक्क्यातून तिचे बाबा, मागे बसगाड्यांचे हॉर्न. अजान झाली. तिनं खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायली, आणि तिचे बाबा तिकडे एवढ्या मोठ्यानं हसले की फोन घसरून भज्यांत पडला. भाभी रडत होत्या. मी स्वयंपाकघरातून डोकावून बघत होते. रोजा तिचा, आणि हुंदका मला आला. मग तिघी नमाजला उभ्या राहिल्या आणि मी गरम कढईत फ्राइजचा पहिला घाणा सोडला, म्हणजे त्या येईपर्यंत कुरकुरीत राहतील.

नमाज उरकून मुलगी धावत आली. ताटलीत फ्राइज, मधोमध वाटीत पांढरा सॉस. सगळे बघत होते, फोनवरचे बाबासुद्धा. तिनं सगळ्यात लांब फ्राय निवडली, सॉसमध्ये बुडवली, गोल फिरवली, भरपूर उचलून घेतला. आणि उठली. चालत माझ्यापाशी आली आणि ती फ्राय माझ्या तोंडासमोर धरली.

"आंटी, पहले आप."

"अगं नाही, तुझा पहिला मान," मी म्हटलं. "तू दिवसभर उपाशी आहेस."

"हमारे घर में पहले आप टेस्ट करते हो," ती म्हणाली. "हमेशा."

हात वर करून उभी. सॉस ओघळून तिच्या मनगटावर आला होता. दिवसभर जिच्यासाठी तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही, ती वस्तू तिनं स्वतः चाखायच्या आधी माझ्यापुढे धरली होती. चंद्र उगवायला अजून बराच अवकाश होता. आमचे बाप्पा पलीकडे आमच्या फ्लॅटमध्ये कपाटाच्या वरच्या फळीवर, मोदकाची वाट बघत. भाभींना माझी संकष्टी आठवली असावी, त्या "बेटा, आंटी को..." म्हणत पुढे झाल्या. त्या पोहोचायच्या आत मी तोंड उघडलं.

अरे देवा, काय ते मीठ! समुद्राची लाट नाकातोंडात गेल्यासारखं झालं. डोळ्यांतून पाणी आलं. भाभींना वाटलं उपास मोडल्याचं रडू, त्यांनी मला जवळ घेतलं. पोरीचा हात दुसऱ्या फ्रायकडे वळला तशी मी ताटलीवर झडपच घातली.

"थांबा! कुणी खाऊ नका! मीठ!"

मग एकेक बाहेर आलं. भाभींनी लसूण वाटतानाच अंदाजानं मीठ घातलं होतं. मी नवऱ्याला उठवायला गेले होते तेव्हा अम्मांनी, सुनेचा विसराळूपणा ठाऊक असल्यामुळे, आपल्या हातानं घातलं होतं, आणि अम्मांची चिमूट म्हणजे आपली मूठ. वर माझं, रंग बघून घातलेलं.

"आनि तुझा नवरा छान म्हनाला?" अम्मा म्हणाल्या. "या खारटानाला?" त्यांना हसू आवरेना. भिंतीला टेकून, पोट धरून त्या हसत राहिल्या, तिकडे फोनवर त्यांचा मुलगाही हसत सुटला. भाभींनी फ्रिजमधून दह्याचा डबा काढला. दोन मोठे डाव दही, आणखी एक उकडलेला बटाटा, पुन्हा मिक्सर. मी चाखलं, अजून दही म्हटलं. परत चाखलं. आता कसला उपास आणि कसलं काय, बुडत्याला पावसाचं काय भय! तिसऱ्यांदा चाखून म्हटलं, घे बेटा, झाला.

मुलीनं खाल्लं. एक फ्राय, दोन, मग मूठभर एकदम. सेम टू सेम नव्हता. "दुकान से थोड़ा अच्छा है," ती म्हणाली आणि मग बोलायला तिच्या तोंडात जागाच राहिली नाही.

मी परत कढईपाशी आले. इतक्या वर्षांची संकष्टी, आणि मोडली ती लसणावर. पश्चात्ताप होत नव्हता, त्याचीच भीती वाटत होती. अम्मा मागून आल्या. हसणं ओसरलं होतं.

"चंद्र निघाला नाय अजून तुझा," त्या म्हणाल्या.

"नाही निघाला, अम्मा."

"आमच्यात रोजा सुटला तर कजा असते. मागाहून एक दिवस धरायचा, भरून काढायचा. तुमच्यात काय हाय?"

मी म्हटलं, आमच्यात असं नक्की काही नाही. बाप्पाला सांगायचं, चुकलं म्हणून.

अम्मांना ते पटलं नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "चुकलं कशाला म्हनतेस? तू नाय चुकलीस. त्याला माझं नाव सांग. समोरच्या म्हातारीच्या नातीचा पहिला रोजा होता, तिनं हातानं भरवलं, नाय म्हनता आलं नाय. आनि जर रागावला, तर म्हनावं म्हातारीशी बोल."

नेमके तेव्हाच माझे डोळे असे भरले की कढई दिसेना. आतून पोरगी ओरडत होती, आंटी, और फ्राइज! मी पदरानं डोळे पुसले आणि दुसरा घाणा सोडला. चंद्राची वाट न बघता बाप्पाला तिथेच, कढईसमोर उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. अम्मांचं नाव मी घेतलं नाही. पोरीचं घेतलं, आणि सॉसचं मीठ आता बरोबर आहे, हेही सांगितलं.