पेठची लाइन आणि एक हुंकार

सकाळी डबा भरत होते, तेव्हा काकूंचा फोन आला. “हे गेले,” त्या म्हणाल्या. “हे गेले, वैशाली.” मी डब्याचं झाकण शोधतेय. तिसऱ्यांदा त्याच आवाजात तेच म्हणाल्या, तेव्हा कुठे लक्षात आलं, की बाई माझ्या ‘हं’ची वाट बघतायत. मी ‘हं’ म्हटलं... आणि मग त्या रडल्या. अहिरेनानांबरोबर आख्खा संसार केल्यावर माणसाचं असंच होणार.

नाना टेलिफोन एक्स्चेंजमधले माझे गुरू. मूळचे सटाण्याकडचे, हयात नाशकात गेली तरी मधूनच ‘आहे’च्या जागी ‘शे’ म्हणणं काही सुटलं नाही. मी नवी लागले तेव्हा त्यांनी मला सिग्नलिंगची जुनी पद्धत शिकवली. दोन एक्स्चेंजमधल्या तीस लाइनी, आणि कोणती लाइन घेतली, कोणती उचलली, कोणती ठेवली, याचा इशारा ज्या त्या लाइनीचा वेगळा. नव्या पद्धतीत सगळ्यांचे निरोप एकाच वाटेने जातात. “तुमच्यात साऱ्या गावाचे निरोप एकटा कोतवाल नेतो,” नाना नाक मुरडून म्हणायचे, “आमच्यात ज्याचा निरोप त्याच्या तोंडी.” शिवाय नंबरातला एकेक आकडा सुरांनी पाठवायचा, आणि पलीकडून ‘पोचला’ असा सूर येईपर्यंत तोच सूर धरून बसायचं. तो आल्याशिवाय पुढचा आकडा नाही. इथपर्यंत ठीक होतं हो, पण या गृहस्थांनी ही पद्धत घरी नेली. प्रत्येक वाक्यानंतर “समजनं का?” आणि तुम्ही ‘हं’ म्हणेपर्यंत तेच वाक्य पुन्हा. काकू झोपेतसुद्धा ‘हं’ म्हणायच्या.

त्यांच्या मुलीला बघायला येवल्याचं स्थळ आलं तेव्हा मी मदतीला होते. मुलाचे वडील अबोल. नाना म्हणाले, “मुलगी बीएस्सी आहे.” पाहुणे पोह्यांत मग्न. “मुलगी बीएस्सी आहे.” पाचव्यांदा सांगितलं तेव्हा पाहुण्यांना संशय आला आणि त्यांनी सर्टिफिकेट बघायला मागितलं. शेवटी काकू पोह्यांची दुसरी बशी पुढे करत म्हणाल्या, “तुम्ही हं म्हणा हो, नाहीतर हे मुलीच्या नावापर्यंत पोचायचेच नाहीत.” लग्न जमलं, पण ते सर्टिफिकेट बघूनच.

नाना निवृत्त झाल्यावर पेठ गावाच्या लाइनीला आमच्या बाजूने फोन जोडणारं नवं खोकं बसवलं. डोंगराकडची ही एकच जोडणी जुन्या पद्धतीवर उरलेली, आणि ती नानांनी स्वतःच्या हाताने उभी केलेली. खोक्याच्या माहितीपत्रकात जुन्या पद्धतीचा सपोर्ट छापलेला होता, पण पेठहून एक फोन लागेल तर शपथ. कंपनीचे दोन इंजिनियर दोन दिवस घाम गाळत होते. मी नानांना बोलावलं. त्यांनी तपासणीचा फोन कानाला लावला, डोळे मिटले. “पेठवाला पहिलाच आकडा धरून बसलाय बिचारा. तुमचं खोकं हं म्हणत नाही.” इंजिनियर म्हणाला, “पण सर, सपोर्ट आहे.” “सपोर्ट शे,” नाना म्हणाले, “पण त्याला समजनं कोठे?” ही पद्धत देशोदेशी थोडी वेगळी, आणि खोक्यात भलत्याच देशाची निवडलेली निघाली. ती बदलल्यावर पहिला फोन लागला, आणि नाना त्या खोक्यालाच “शाब्बास” म्हणाले.

यंदा ती लाइनही बंद करायचं ठरलं. नानांना कुठून कळलं कोण जाणे, त्यांचा फोन. “पेठची लाइन बंद करशील तेव्हा मला बोलव. समजनं का?” बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं नाही, असं साहेबांनी आधीच बजावलेलं. ते पुन्हा तेच म्हणाले. पुन्हा तेच. चौथ्यांदा मी म्हटलं, “नाना, मीटिंग आहे,” आणि फोन ठेवला... तीन दिवसांनी काकूंचा तो फोन आला. एक हुंकार द्यायला मला काय झालं होतं? नुसतं खोटं का होईना, म्हणायचं होतं. याची लाज मला अजून वाटते.

लाइन बंद करायच्या आदल्या दिवशी मी साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. “नानांच्या घरच्यांना आत घ्यायचंय.” ते कागद चाळत राहिले. मी तेच वाक्य, त्याच आवाजात, सात वेळा म्हटलं. सातव्यांदा साहेबांनी कंटाळून ‘हं’ म्हटलं. गुरूची विद्या वाया गेली नाही.

दुसऱ्या दिवशी काकू चांगली साडी नेसून आल्या. पॅनेलचे दिवे त्यांनी एकेक करून नीट बघितले. मी नानांचा तो तपासणीचा फोन कानाला लावला, आणि का कोण जाणे, त्यातच बोलले, “नाना, पेठची लाइन बंद करतेय. तुम्हाला बोलावलंय. समजनं का?” नुसती खरखर. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं, तरी हात काही स्विचकडे जाईना.

मागून काकू म्हणाल्या, “हं.”