डाव्या कोपऱ्यातली बाई

पिक्चरला गोष्ट लागते की नाही, या विषयावर मी एकदा हिंगोलीच्या एका कॉलेजात व्याख्यान दिलं होतं. दोन हजार साल उलटून गेलं होतं. तिथं मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो, म्हणजे पगार तासावर आणि मतं चोवीस तास. परग्रहांचे, यानांचे ते भपकेबाज परदेशी पिक्चर म्हणजे बडा घर पोकळ वासा, असं मी ठणकावून सांगितलं. आकाश फाटतं, शहरं कोसळतात, डोळे दिपतात, आणि आत गोष्ट शोधायला जावं तर शिळ्या कढीला ऊत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असा शेवट केला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि हॉलमध्ये पंखे होते, त्यामुळे पोरं शेवटपर्यंत बसली होती.

गोरेगावात, माझ्या घरी, या मतांना गिऱ्हाईक नव्हतं. घरात मी आणि माय. ताईला गावातच दिलेली, दोन गल्ल्या सोडून. दाजी गोरेगाव, सेनगाव, हिंगोली अशी जीप चालवायचे, आणि मी रोज त्यांच्याच जीपनं कॉलेजला जायचो. ते मला 'सर' म्हणायचे. त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला की आपण काहीतरी चोरलंय असं वाटायचं. पिक्चरच्या बाबतीत त्यांचा हिशोब साधा होता. फायटिंग संपली की उठायचं. शेवट बघायला थांबणारा माणूस त्यांच्या लेखी रिकामटेकडा.

मायचं तर आणखीच निराळं. नव्वदच्या दशकात आमच्या वस्तीत जयंतीला व्हीसीआर यायचा. टीव्ही अंगणात खुर्चीवर मांडायचे, लेकरं पुढं, म्हातारे मागं, आणि माय चुलीपाशी. बघणाऱ्या सगळ्यांना चहा लागायचा, पाहुण्यांना भाकरी लागायची, आणि या दोन्ही गोष्टी आपोआप होत नसतात हे बघणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. ती पिठाच्या हातानं मधूनच यायची, उभ्या उभ्या थोडं बघायची आणि विचारायची, हा कोन? कुणीतरी खेकसायचं, माय गप, फायटिंग चालू हाय. ती परत चुलीकडं. म्हणजे तिनं आयुष्यात कितीतरी पिक्चर बघितले, पण सगळे मधलेच. सुरुवात नाही, शेवट नाही.

तिचं त्यावाचून अडलं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी शेतात निंदायला गेली की बायांना पुरा पिक्चर सांगायची. डोकं आणि शेपूट स्वतःचं लावून. तिच्या पिक्चरमध्ये हीरोचा भाऊ त्याचा सासरा व्हायचा, खलनायक मेलेला असायचा तो उठून शेती करायचा. मी तेव्हा शाळकरी, पण नाकानं कांदे सोलायची सवय तेव्हापासूनची. माय, असं नाही, म्हणून मी खरी गोष्ट सांगायला जायचो. मग तसं आसंल, म्हणायची आणि आपलंच पुढं चालू ठेवायची. बायाही तिचंच ऐकायच्या. माझं बरोबर असून कुणी विचारत नव्हतं.

तर व्याख्यान झालं त्याच वर्षी माय दाराच्या चौकटीला धडकायला लागली. आधी चौकट, मग वासरू, मग पाण्याचा माठ. समोरचं तिला लख्ख दिसायचं, बाजूचं नाही. वयानं होतं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो, कारण ते म्हणायला सोपं होतं. शेवटी दाजींनी जीप काढली आणि नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. आता मधलं तेवढं उरलंय, नळीतून बघावं तसं. औषधानं ते टिकवायचा प्रयत्न करू, पण उशीर झालाय, किती टिकेल सांगता येत नाही.

येताना वसमतला चहाला थांबलो. हळदीचा मोसम होता, रस्त्याकडेला हळदीचे ढीग पडले होते. माय चहा हातात धरून त्या ढिगांकडं कितीतरी वेळ बघत उभी राहिली. मग जीपमध्ये बसल्यावर म्हणाली,

"मला एक पिक्चर पुरा बघायचा हाय. टाकीत. खुर्चीवर बसून. कुनाला च्या न देता."

झालं. दाजींनी आणि मी तिथूनच भांडायला सुरुवात केली. हिंगोलीत तेव्हा दोन पिक्चर लागले होते. एक मराठी, घरगुती, साधा, नामांकित, ज्याची कथा म्हणे अस्सल नवी होती. तो मी वर्गात आधीच नावाजून ठेवला होता, न बघता. दुसरा परदेशी, हिंदीत बोलणारा, परग्रहाचा. त्याच्या पोस्टरवर निळ्या-जांभळ्या आभाळात जळतं यान होतं आणि खाली माणूस मुंगीएवढा. दाजी म्हणाले, हाच. मी म्हणालो, मायनं आयुष्यात एकच पुरा पिक्चर बघायचा आणि तो असला? ज्याची गोष्ट हजारदा सांगून झालीय? तिला काहीतरी अर्थपूर्ण दाखवू. मी औंढ्यापर्यंत अर्थपूर्ण बोललो. दाजी गिअर बदलत राहिले.

औंढा मागं पडल्यावर ते म्हणाले, "सर, तुमची गोष्ट मायला नंतरबी सांगता येती. कान कुठं चालले तिचे? बघून घ्यायचं ते आत्ता बघू द्या."

आता या माणसानं आयुष्यात एक पुस्तक वाचलेलं नव्हतं, आणि माझ्या व्याख्यानाला तर तो दारापर्यंत मला सोडून जीप धुवायला गेला होता. मी म्हणालो, विचार करू. आमच्या धंद्यात हरलेला माणूस हेच म्हणतो.

पुढच्या रविवारी गेलो. मायनं लग्नकार्याची साडी नेसली होती. दाजींनी ओळखीनं अगदी पुढची जागा धरून ठेवली, मोठं दिसावं म्हणून. पडदा उजळला आणि माय मान फिरवायला लागली. इकडून जीप येते की तिकडून, असं फाट्यावर उभं राहून बघतो ना, तशी. तिच्या नळीत एवढ्या जवळून पडद्याचा हातभर तुकडाच मावत होता. थोड्या वेळानं ती उठली आणि भिंतीला हात लावत लावत थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसली. हितून जरा जास्ती बसतंय, म्हणाली. दाजींचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी तिच्या शेजारी बसलो. कारण गोष्ट समजावून सांगणारं कुणीतरी हवं ना! गोष्ट तरी काय, एका ग्रहाचं पाणी दुसऱ्या ग्रहाचा राजा पळवून नेतो आणि एक अनाथ पोरगा ते परत आणायला निघतो. पाणी पळवलं जाणं ही आमच्या तालुक्यात दर उन्हाळ्याची गोष्ट. फरक एवढाच की आमचे टँकर उडत नाहीत. पोराला वाढवणारा म्हातारा मध्यंतराआधी मरणार हे मी मायला आधीच सांगून टाकलं, आणि तो वेळेवर मेला. मी तिच्याकडं विजयी मुद्रेनं बघितलं.

"गप बस," माय म्हणाली. "बघू दे."

मध्यंतरानंतर आवाज गेला. चित्र चालू, आवाज बंद. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या, खुर्च्या आपटल्या, आतून कुणीतरी येतंय येतंय म्हणून ओरडलं, आणि काही आलं नाही. मग पुढच्या रांगांनी कारभार हातात घेतला. राजा यानातून उतरला तशी एका कोपऱ्यातून जाड आवाजात विचारणा झाली, काहून आलास रे? दुसऱ्या कोपऱ्यातून राजानं उत्तर दिलं, टँकरचा नंबर लावाले आलो, सायेब. पोरगा तलवार उपसतो तर कुणी म्हणे, आधी आमच्या वार्डात सोड. सगळी टॉकीज खदखदली. पोरग्याचं आणि राजकन्येचं तर लोकांनी सेनगावच्या आठवडी बाजारात लग्नच लावून दिलं. मी कपाळाला हात लावला. त्या पिक्चरला अस्सल नवी गोष्ट मिळाली ती तेवढीच, आणि तीही तिकीट काढून आलेल्यांनी आपल्या पदरची दिली.

माय हसत नव्हती. ती पुढं झुकून, ओठ जरा उघडे ठेवून बघत होती. मधे पोरगा आणि राजा एकमेकांवर तुटून पडले होते, आणि तिची मान डावीकडं वळलेली. मला वाटलं, बिचारीला सापडत नाहीये. मी तिची हनुवटी धरून हलकेच मधे वळवली. तिनं माझा हात झटकला आणि परत डावीकडं बघायला लागली.

सुटल्यावर दाजींनी विचारलं, कसा व्हता. बराबर व्हता, म्हणाली. शेवट न बघता ते स्वतः आधीच जीपपाशी जाऊन उभे होते, फायटिंग उरकली होती ना. परतीच्या वाटेवर मी त्यांना पिक्चरमधले दोष एकेक करून सांगितले. त्यांनी कॅसेट लावली आणि आवाज वाढवला.

पुढं तिची नजर गेलीच. औषधं झाली, ऑपरेशन झालं, पण ती हळूहळू गेली. दोन-तीन वर्षांत मायला उजेड आणि अंधार एवढंच उरलं, आणि मग तेही नाही. ती ओसरीवर बसायची. सुट्टीत ताईची पोरगी तिच्याजवळ यायची, आणि माय तिला पिक्चर सांगायची. तोच. दुसरा पुरा तिच्याजवळ होता कुठं?

एका दुपारी मी तिथंच पेपर तपासत बसलो होतो. माय सांगत होती, एक बाई असती. तळं आटलेलं असतं आणि ती काठावर कळशी घेऊन उभी असती. वर यानं पेटतात, मानसं मरतात, ती वर बघतच न्हाई. जिथं कुठं थेंब गळतो तिथं कळशी लावती. राजा येतो, समदे वाकतात, ती वाकत न्हाई, तिची कळशी भरायची असती. शेवटी पानी येतं तवा समद्यांच्या आधी तीच उतरती पान्यात. कुनाला इचारत न्हाई.

माझ्याच्यानं राहवेना. लाल पेन हातात असला की माणूस असाच वागतो. मी म्हणालो, माय, अशी बाई त्या पिक्चरमध्ये नव्हतीच. तो एका पोराचा पिक्चर होता.

"पोरगं व्हतं की," माय म्हणाली. "मधात उड्या मारून राहिलं व्हतं. माझ्या नळीत दोघं बसत नव्हते. मी बाईला बघितलं."

मी भाचीला डोळ्यांनीच खुणावलं, आजी रचतेय. मनात म्हटलं, माझ्या लहानपणी जे करायची तेच. पोरगी माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती.

मग मायनं मला विचारलं, ते शेवटचं पाणी कोणत्या रंगाचं होतं. तिच्याजवळचा रंग उडून राहिला, म्हणाली, धुऊन धुऊन लुगड्याचा उडतो तसा. रोज थोडा जातो.

आता बघा. त्या पिक्चरची गोष्ट मला तोंडपाठ होती. कोण कुणाला फसवतो, कुठं ढिली पडते, कुठं उगाच लांबते, सगळं. पाण्याचा रंग मात्र आठवेना. मी म्हणालो, निळं असेल. निळं असतं तर तुला इचारलं असतं का, ती म्हणाली. आणि पोरीला परत पहिल्यापासून सांगायला लागली, रंग गाळून. ते गाळणं मला सोसलं नाही.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीहून त्या पिक्चरची सीडी भाड्यानं आणली. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. सर तुमी, हा? एवढंच म्हणाला, पण टाळ्या वाजवणाऱ्यांत तो होता हे मला चेहऱ्यावरून कळलं. ताईच्या घरी टीव्ही लावला. लाइट होती, हे विशेष. आवाज मी मुद्दाम बंद केला, गोष्टीकडं लक्ष जाऊ नये म्हणून, आणि डाव्या कोपऱ्याकडं बघत बसलो.

ती होती. आटलेल्या तळ्याच्या काठावर, बोटाएवढी, हातात भांडं घेऊन. मधे पोरगा उड्या मारत होता आणि ती गळणारा थेंब धरत होती. राजा उतरला, सगळे वाकले, आणि ती वाकली नाही. कुणीतरी मुद्दाम तिला तिथं उभी केली होती, प्रत्येक वेळी, आणि भरल्या टॉकीजमध्ये आम्हा डोळसांपैकी एकालाही ती दिसली नव्हती. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. टीव्ही तसाच चालू सोडून मी दोन गल्ल्या पळत घरी आलो.

"माय," मी म्हणालो, "बाई हाय. डाव्या कोपऱ्यात. कळशी हाय तिच्याजवळ."

"मी कुठं न्हाई म्हनलं?" माय म्हणाली. "रंग सांग."

पाणी तर अगदी शेवटी येतं. तोवर मी थांबलोच नव्हतो.

मायनं माझा चढलेला श्वास ऐकला, आणि काय झालं ते तिला कळलं. ती पदराआड हसली.

"जा बाबा," म्हणाली. "पुरा बघून ये."