काळ्या गड्याची पाठ

हंबीररावाचा उजवा हात आमच्या आष्ट्यात नावाजलेला. त्या हातानं त्यानं कुणाला लोळवलं म्हणून नव्हे. जत्रेतल्या कुस्त्यांना तो पंच असायचा आणि तो हात वर गेला की कुस्ती संपली, असा रिवाज होता. मग खाली पडलेला पैलवान कितीही मोठ्या तालमीचा असो, त्याच्यामागं कुणा पुढाऱ्याचा मेहुणा उभा असो. हंबीरराव म्हणाला चित, म्हणजे चित.

स्वतः तो पैलवान म्हणून कधी चमकला नाही. तालमीत माती उकरली, थोरांचं अंग रगडलं, एकदा खांदा निखळला आणि लंगोट खुंटीला गेला तो गेलाच. पुढं द्राक्षाच्या पेट्या वाहणाऱ्या टेम्पोवर ड्रायव्हर झाला. दिवसभर तासगावच्या वाऱ्या, आणि संध्याकाळी आंघोळ करून, पांढरा सदरा चढवून तालमीच्या कट्ट्यावर बैठक. दिवसभर शेटचं ऐकून घेणाऱ्या माणसाला संध्याकाळी आपलं ऐकणारं कुणीतरी लागतं. मी हमालांच्या संघटनेत उभा जन्म काढला, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. कट्ट्यावर हंबीररावाचं ऐकत. म्हैस कुठली घ्यावी, मिरजेला कुठल्या डॉक्टरकडं जावं, कुठला पिक्चर पडेल आहे, सगळ्यावर शेवटचा शब्द त्याचा. एवढीच त्याची इस्टेट.

त्या इस्टेटीत वजीर शिरला.

वजीर मस्कतला वेल्डिंगच्या कामावर होता. चौऱ्याण्णव साली कायमचा परत आला आणि एसटी स्टँडच्या रस्त्याला, घराच्या पुढच्या खोलीत त्यानं सायकलचं दुकान टाकलं. आखातातून येणारे घोंगड्यासारखी जाड ब्लँकेटं आणतात, अत्तर आणतात. यानंही आणलं. पण सोबत पंजात मावेल असं एक करडं यंत्र आणलं. वर हिरवट काच, खाली बटणं, पाठीमागं कॅसेट खोचायची. काचेत एक काळ्या कपड्यातला माणूस डावीकडून उजवीकडं निघायचा. वाटेत किल्ले, किल्ल्यांत कंदील घेऊन फिरणारे पहारेकरी. खांबाआड थांबायचं, सावलीसावलीनं सरकायचं, पहारेकरी तोंड फिरवेपर्यंत दम धरायचा. दिसला की घंटा वाजते आणि सगळे तुटून पडतात. नाही दिसला तर किल्ला पार. कॅसेटवर नाव काय होतं ते कुणी वाचलं नाही. गावानं 'काळा गडी' म्हटलं आणि विषय मिटवला.

शहरातल्यांना वाटतं, खेड्यातल्या माणसाला अशा खेळातलं काय कळतंय! दुकानापुढच्या बाकड्यावर जी मतं पडली ती ऐकायला त्यांना आणून बसवायला पाहिजे होतं.

"ह्यो चोर हाय का रं?" डेअरीत दुधाचे कॅन उचलणारा हरिबा म्हणाला. "मर्दासारखा समोरनं जा की!"

"समोरनं गेला की मरतोय," सोसायटीतला कारकून आप्पासो म्हणाला. "आत्ताच तू मारलास त्येला. मला तर लय पटला गड्या ह्यो. काम करायचं आन कुणाच्या डोळ्यावर यायचं न्हाई. आमच्या सोसायटीत असाच माणूस टिकतोय."

"तुमच्या सोसायटीत काम कोन करतंय?"

"तेच म्हंतोय की. करनारा दिसत न्हाई."

दादासो शिंप्याची तक्रार वेगळीच. "खेळ झ्याक हाय, पर सेल म्हशीवानी खातोय. त्यापरास रेडिओ बरा."

"रेडिओतल्या बाईला उडी मार म्हन की मग."

कुणीतरी वजीरला विचारलं, तुला काय वाटतं? वजीर बोलायला मुळात कमी. स्पोकचा पाना पुसत म्हणाला, "मला ह्यातलं थांबनं आवडतंय. दुसऱ्या खेळात सारकं पळाय लागतंय. ह्यात थांबलं तरी चालतंय."

एवढंच. पण ते वाक्य गावात फिरलं. एसटी चुकली की माणसं म्हणायला लागली, "थांबलं तरी चालतंय." पोरीचं लग्न लांबलं, "थांबलं तरी चालतंय." हंबीररावाच्या कानावर ते स्वतःच्याच कट्ट्यावर पडलं, आणि तेही कट्ट्यावर तीनच टाळकी उरलेली असताना. बाकी सगळे वजीरकडं.

तो मला म्हणाला, "मस्कतला जाऊन यायला काय अक्कल लागती रं? इमानात बसलं की जातंय."

"तू बसला हुतास का कवा?" मी विचारलं.

"मला कशाला पायजे? माझं हितं काय कमी हाय?"

कमी काय होतं ते आम्हा दोघांनाही दिसत होतं, म्हणून मी गप्प बसलो. एरवी मी गप्प बसणारा नव्हे.

शेवटी तो दुकानावर गेलाच. वजीर उठून उभा राहिला, "या तात्या, बसा." बाकड्यावर मधली जागा दिली, चहा सांगितला. मान पुरेपूर दिला, पण नजरा कुठल्या? त्या काचेवर. हंबीररावानं बेदाण्याचा भाव काढला, कुणी हुं की चूं केलं नाही. त्यानं कुठल्याशा पैलवानाची गोष्ट सुरू केली, तर हरिबा म्हणाला, "तात्या, जरा दमानं. कंदीलवाला आलाय." आपल्याला कुणी दमानं घे म्हणतंय, हे त्या माणसाला नवीन होतं.

संधी मात्र त्याला त्याच बाकड्यावर सापडली. हरिबा हातातलं यंत्र सोडेना आणि दादासोचा नंबर आलेला. ओढाओढ सुरू झाली. हंबीरराव उभा राहिला आणि त्याचा उजवा हात वर गेला. सवयीनं दोघेही थांबले.

"आजपास्नं हितं पंच मी," तो म्हणाला. "न्याम सरळ हाय. पाठ टेकली की डाव गेला. यंत्र म्होरल्याच्या हातात."

वजीर हळूच म्हणाला, "तात्या, त्यो मेला की आपोआप..."

"मैदान म्हनलं की न्याम पायजेच."

"बरं. तुमी म्हंताय तसं."

आणि बाकड्यावरच्या कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मलासुद्धा नाही. सगळे एकाच तांबड्या मातीत वाढलेले. उताणा पडला तो हरला, हे आम्हाला चालायच्या आधी कळतं.

घोटाळा झाला दुसऱ्या किल्ल्यात. तिथं एक बुटकी कमान होती आणि कमानीखालून कंदीलवाला सारखा येरझाऱ्या घालायचा. लपायला ना खांब ना झाड. बाजूला फक्त एक कोरडा चर. खालचं बटण दाबून धरलं की काळा गडी त्या चरात उताणा आडवा व्हायचा. तो आडवा झाला रे झाला की हंबीररावाचा हात वर.

"चित!"

यंत्र पुढच्याकडं. पुढचाही डाव पहिल्यापासून लावून तिथवर जायचा, आडवा व्हायचा, आणि "चित!" सगळ्या बाकड्याची तीच गत. काही दिवसांत मतं फिरली. जो खेळ डोक्यावर घेतला होता तो पायाखाली आला.

"दोन किल्ल्याचाच हाय," हरिबा म्हणाला. "अर्धवट."

"कॅसेट डुप्लिकेट आसंल," आप्पासोनं शिक्का मारला.

शेवटचा शब्द अर्थातच हंबीररावाचा. "वजीरला तिकडं गंडिवलाय. दिसाय चकाचक, आतनं पोकळ." हे बोलताना तो यंत्राकडं बघत नव्हता, वजीरकडं बघत होता.

बाकडं ओस पडलं आणि तालमीचा कट्टा पुन्हा भरला. हंबीरराव मिशीत हसायचा, स्वतः होऊन चहा पाजायचा. इकडं वजीर संध्याकाळी यंत्राची काच सदऱ्यानं पुसायचा आणि सुरू न करताच खणात ठेवून द्यायचा.

वजीरची बायको नूरीन मिरजेची. माहेरी सतार-तंबोऱ्याचा कारखाना, त्यामुळं खुंट्या पिळून सूर लावलेले ऐकतच वाढलेली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की पडद्याआड तेच यंत्र घेऊन बसायची. पंचाचा नियम तिला कुणी सांगितलेला नव्हता.

जत्रा तोंडावर आली. मैदानाची कमिटी बसायची होती, पंच नेमायचा होता. त्याआधीच्या रविवारी वर्गणी गोळा करत आम्ही दुकानाशी आलो. हंबीररावही बरोबर. हरिबानं खोड काढली, "वजीर, काढ की तुझं दोन किल्ल्याचं राज्य."

वजीरनं काढलं. खेळत दुसऱ्या किल्ल्यात गेला, कमानीशी आला, गडी चरात आडवा झाला. हंबीररावाचा हात वर, "चित!"

पडद्याआडून आवाज आला, "तात्या, त्यो हारला न्हाई."

हंबीररावाचा हात तसाच वर.

"हारला की बाजा थांबतोय," नूरीन म्हणाली. "बाजा चालू हाय. ऐका की."

आम्ही माना खाली घातल्या. टिवटिव टिवटिव, बारीक आवाजात बाजा खरंच चालू होता. कंदीलवाला आला, आडव्या गड्याच्या अंगावरून निघून गेला. वजीरनं बोट उचललं. गडी उठला, कमान ओलांडली, आणि काचेत आम्ही कधी न बघितलेला तिसरा किल्ला उभा राहिला.

"म्होरं लय हाय," ती म्हणाली. "पानी हाय, भुयार हाय. मी पाचव्या किल्ल्यापातुर गेल्याली."

"घरात पंच न्हवता म्हनून गेलीस बाई!" दादासो ओरडला, आणि रस्त्यापर्यंत हशा गेला.

त्या हशात बाळासो नव्हता. तो गावचा चांगला पैलवान, पण गेल्या जत्रेत शेवटच्या कुस्तीत हंबीररावानं त्याला चित दिला होता. तो पुढं आला. "तात्या, गेल्या साली माझी पाठ टेकली हुती का वो? का माझा बी बाजा चालू हुता?"

हंबीररावाचा चेहरा चुन्यासारखा झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "औंदा पंच वजीरलाच करा." थट्टाच ती. पण गावातली थट्टा कमिटीपर्यंत जाता जाता पिकते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी हंबीरराव टेम्पो सोडून एकटाच दुकानात गेला. हे मला पुढं नूरीननं सांगितलं. तो म्हणाला, "दे, बघू." वजीरनं दिलं. तो खेळायला बसला. कमानीशी गेला की थेट कंदीलवाल्याच्या अंगावर. घंटा, मरण. पुन्हा तेच.

"निजवा की तात्या त्येला," वजीर म्हणाला.

"बोट जात न्हाई रं तिकडं."

बऱ्याच वेळानं गेलं. गडी आडवा झाला. कंदील वरून सरकला. हंबीररावानं श्वास धरला होता तो सोडला.

"बघितला न्हाई त्येनं?"

"न्हाई."

"कुनीच?"

"कुनीच न्हाई, तात्या."

यंत्र बाकड्यावर ठेवून तो पायात चपला सरकवत निघाला. चहाला थांबला नाही.

कमिटी देवळात बसली. बाळासोनं विषय काढलाच. हंबीरराव उठला. आवाज नेहमीचाच, वरच्या पट्टीतला. "व्हय, खेळात माझं चुकलं. तिथं निजल्याला कुनी बघत न्हाई, म्हनून त्यो जित्ता. मैदानात चारी अंगानं गाव बघतंय. तिथं निजून लपाय जागा कुठं हाय? बाळासो, तुझी पाठ मी एकट्यानं न्हाई, ह्या बसल्याल्या सगळ्यांनी बघितली. इचार."

बाळासोनं विचारलं नाही. आप्पासो कोपऱ्यात बसलेल्या वजीरकडं वळला. "तुला काय वाटतं रं?"

"मी तवा मस्कतला हुतो," वजीर म्हणाला. "पर तात्यांनी हात वर केला म्हंजे टेकलीच आसंल. त्या यंत्रातली पाठ येगळी. मातीतली पाठ त्यास्नी कळती."

"वजीर म्हंतोय, तर मिटलं," आप्पासो म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी हंबीररावाकडं बघत होतो. पद राहिलं, पंचाचा फेटा राहिला. पण इतकी वर्षं पंच व्हायला त्याला कुणाच्या शब्दाची गरज लागली नव्हती, आणि या साली लागली, तीही कुणाच्या! शिव्या दिल्या असत्या तरी त्याला एवढं लागलं नसतं.

जत्रेचं मैदान चांगलं झालं. हलगी कडाडली, कुस्त्या निकाली लागल्या, एकाही निकालावर तक्रार आली नाही. हंबीरराव गुडघ्यावर बसून, गाल मातीला लावून बघायचा, मगच हात वर करायचा. पण हात वर गेला की माणसं टाळी वाजवायच्या आधी क्षणभर पलीकडच्या बाजूला, सायकलींच्या घोळक्यात उभ्या असलेल्या वजीरकडं बघायची. त्याची मान हलली की टाळ्या. वजीरला याचा पत्ता नव्हता, तो आपला कुस्ती बघत होता. हंबीररावाला मात्र मातीत गाल लावूनसुद्धा माणसांच्या वळणाऱ्या नजरा दिसत होत्या.

माणसं पांगल्यावर फेटा सोडत तो माझ्याकडं आला. "कमिटीला सांग, म्होरल्या साली वजीरला तिकडं हुबा करायचा न्हाई."

"मग कुठं करायचा?"

"माझ्या शेजारी." फेट्याची माती झटकत तो म्हणाला, "तिकडं लांब त्यो मान कवा हलवतोय, मला मातीतनं दिसंना झालंय."