उलट्या हाताची पारख

सोलापुरात भीती जर कुठे घाऊक मिळत असेल, तर ती आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर. तिथे राहणाऱ्या काकांइतका भित्रा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि मी शाळामास्तर असल्यामुळे भित्री माणसे दरवर्षी परीक्षेच्या हंगामात ढिगाने पाहतो. काका पंख्याला भितात. वैशाखात आमच्या गावी रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटते, तेव्हाही ते खाट पंख्याच्या बरोबर खाली न ठेवता भिंतीला लावून घाम पुसत पडतात. गॅसची नवी टाकी आली की ती आणणाऱ्या माणसाला थांबवून ठेवतात आणि टाकीला कान लावून बसतात. चार दिवसांनी नळाला पाणी आले, की बाकीची इमारत हंडे-कळश्या घेऊन धावते आणि काका गच्चीवरच्या टाकीला भेग तर गेली नाही ना, हे बघायला धावतात. काकूंना विचारले तर त्या म्हणतात, "लग्नात अंतरपाट धरला हुता, तवा समद्यांनी नवरीकडं बगितलं, ह्यांनी वर बगितलं. मांडवाचा वासा पक्का हाय का म्हून."

हा स्वभाव जन्मजात नव्हे, नोकरीतला आहे. सांगोल्याकडे मेंढरांमागे वाढलेला हा माणूस रेल्वेत चिकटला तो कुर्डुवाडीला. काम एकच. गाडी येऊन उभी राहिली, की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे, चाक हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा आणि चाकांच्या आसाजवळच्या वंगणाच्या डब्याला हात लावून तो तापला आहे का ते बघायचे; तापला तर आस मोडतो. हात लावायचा तो उलटा. तळहात राबून राबून निबर होतो, त्याला खरे ऊन-गार कळत नाही, असे काकांचे शास्त्र. नोकरी नवी असताना एकदा घाईत एका डब्याला हात लावायचा राहिला. पुढच्या स्टेशनाआधी मालगाडीचा तो आस मोडला. कोणी दगावले नाही, पण काकांना त्या दिवशी जी धास्ती बसली ती निवृत्तीनंतरही मुक्कामाला आहे. प्रवासाला निघाले तरी सगळ्या गाडीला हात लावल्याशिवाय ते चढत नाहीत. एकदा कुर्डुवाडीला लग्नाला निघाले, काकूंना सामानासकट डब्यात बसवले, आणि ह्यांची तपासणी निम्म्यावर असतानाच गाडी सुटली. काकू लग्न लावून, जेवून, संध्याकाळच्या गाडीने परतल्या तेव्हा काका फलाटावर त्याच बाकावर बसलेले होते. बायको धडधाकट उतरली, हे पाहून त्यांनी आधी काय केले असेल, तर ती ज्या डब्यातून आली त्याच्या चाकाजवळ उलटा हात नेला.

अशा माणसाचे म्हणणे कोण मनावर घेणार? मी तर नाहीच घेतले. माझी मुलगी तनू तेव्हा सात वर्षांची होती. सकाळी उठली की "बाबा, गुडघा उघडत नाही," म्हणायची, पलंगाच्या कडेला बसून राहायची आणि रडकुंडीला येऊन शाळेला जायची. संध्याकाळी हीच पोरगी अंगणात एका पायावर उड्या मारत ठिक्कर खेळताना दिसायची. वीस वर्षे वर्गात उभा राहिलेला मी. पोटदुखी गणिताच्या तासाला सुरू होते आणि मधल्या सुट्टीत थांबते, हे मला कोणी शिकवायला नको होते. "शाळा असली की बरा दुखतो गं गुडघा!" असे मी तिला हसत हसत म्हणायचो. एकदा तर दप्तर पाठीवर अडकवून हाताला धरून जिना उतरवली. ते आठवले की आजही माझी मान खाली जाते.

त्याच दिवशी संध्याकाळी काकांनी मला फाटकाशी गाठले. ते रोज सकाळी खालच्या पायरीशी बसून जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांचा आवाज ऐकत असतात, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होते आणि सगळे त्यावर हसत असत.

"मास्तर, पोरीचं उजवं पाऊल उशिरा पडतंय की."

"काका, तिला शाळेचा कंटाळा आलाय."

"आसंल. पन ऐतवारी बी उशिराच पडतंय. ऐतवारी कुटली शाळा?"

रविवार मी हिशेबात धरलाच नव्हता. काका माझ्यामागून दोन मजले चढून वर आले, तनूला खुर्चीत बसवले, उलटा हात आधी तिच्या डाव्या गुडघ्याला लावला, मग उजव्याला. पुन्हा डाव्याला, पुन्हा उजव्याला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्यो गरम हाय." मी माझा हात लावला. गरम होता. फुगलेलाही होता, एवढे दिवस माझ्या डोळ्यांसमोर.

त्यानंतरचे दोन महिने मी काकांपेक्षा भित्रा झालो. आमचे नेहमीचे डॉक्टर संध्याकाळी बसतात. तनू तिथे उड्या मारत जायची, फोटोत हाड नीट दिसायचे आणि "वाढीच्या वयात दुखतं," एवढे ऐकून आम्ही परत यायचो. कोणी तेल सांगितले, कोणी हाडवैद्य सांगितला. चोळले की ती किंचाळायची. बायको स्वयंपाकघरात जाऊन रडायची आणि मी वर्गात पाढे घेताना मनात एकच विचार करायचो, हिचा पाय असाच राहिला तर? शेवटी कळले, की लहान मुलांच्या सांध्यांच्या एक डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा पुण्याहून सोलापुरात येतात. मी फोन करून दुपारची वेळ घेतली. काकांनी ते ऐकून कपाळावर हात मारला.

"मास्तर, गाडी धावून धावून सैल झाल्यावर तपासून काय उपेग? यार्डातनं निघताना बगायची आस्ती. सकाळचा नंबर घ्या. आन् पोरीला चालू दिऊ नका. उचलून न्या."

सकाळचा नंबर मिळवायला काका स्वतः उजाडायच्या आत दवाखान्याच्या दाराशी जाऊन बसले. मी तनूला पलंगावरून उचलले ते रिक्षात ठेवले आणि रिक्षातून उचलले ते थेट बाईंच्या दाराशी उतरवले. "चालत ये बरं माझ्याकडे," बाई म्हणाल्या. माझी लेक त्या दहा पावलांत अशी चालली, की मला वाटले कोणा म्हाताऱ्या बाईला पाठीमागून बघतो आहे. बाईंनी तिला उकिडवे बसवले, मुठी मिटायला लावल्या, मान वळवून पाहिली. मग गुडघ्याला हात लावला. उलटा. काकांनी मला कोपराने असे ढोसले, की मी स्टुलावरून पडता पडता वाचलो.

रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितले, की हा लहान मुलांचा संधिवात. अंगातली जी ताकद रोगाशी लढायला असते, तीच आपल्या सांध्यांवर उलटली आहे. तुमची चूक नाही, खाण्यापिण्याची चूक नाही. पहिले बोलले ते काका. "म्हंजे राखनदारच डबा फोडतुया म्हना की."

"अगदी तसंच आजोबा," बाई हसून म्हणाल्या. "त्या राखणदाराला जरा शांत करायचं. औषध आहे, आणि आपण वेळेत आलोय."

पण लगेच त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. या आजारात डोळ्यांच्या आत सूज येऊ शकते. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, मुलाला कळतही नाही, आणि नजर जाऊ शकते. म्हणून तक्रार असो-नसो, दर तीन महिन्यांनी डोळे तपासून घ्यायचेच. गुडघ्याला निदान उलटा हात लावता येतो, डोळ्याला काय लावणार? त्या दिवसापासून तनूने पुस्तक जरा जवळ धरले, की मी ते ओढून हातभर लांब धरायचो. काकांनी स्वतःची तपासणी सुरू केली. ते अंगणात उभे राहून बोटे दाखवायचे आणि तनूने वरून आकडा सांगायचा. एका सकाळी पाच बोटांना ती गंमत म्हणून "सात!" ओरडली. काका मटकन खाली बसले. मी दोन-दोन पायऱ्या उतरत धावलो, काकू पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या, आणि वर कार्टी खिदळत उभी. त्या दिवशी मी तिला रागावलो आणि नंतर कितीतरी वेळ जवळ घेऊन बसलो.

औषधाची तऱ्हा आणखी निराळी. मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच, शनिवारी. चुकून रोज दिली तर जिवावर बेतेल, असे बाईंनी दोनदा बजावले होते. मी कॅलेंडरवर खुणा केल्या, बायकोने गोळ्या वरच्या फडताळात कुलपात ठेवल्या. काकांना हे पुरेसे वाटले नाही. सोमवारी सकाळी अंगणातून आरोळी आली, "मास्तर, आज न्हाय!" मंगळवारी, "आज न्हाय!" असे शुक्रवारपर्यंत, आणि शनिवारी सगळ्या इमारतीला जागे करून, "आज हाय वो!" दूधवाल्याला तारीख नाही कळायची, पण तनूच्या गोळीचा वार पाठ झाला. आम्ही हसायचो. मात्र आरोळी यायला उशीर झाला, तर मी गॅलरीत जाऊन वाट बघायचो, हेही खरे.

दोन वर्षांनी सूज उतरली. डोळे स्वच्छ निघत गेले. बाईंनी गोळी हळूहळू कमी केली आणि गेल्या पावसाळ्यात थांबवली. पेढे घेऊन गेलो तर म्हणाल्या, "आनंद करा, पण बघत राहा. हा परत येऊ शकतो." तेव्हापासून रोज सकाळी तनू दार ओढून निघाली, की मी दाराआड उभा राहून तिची पावले ऐकतो. उजवे, डावे, उजवे, डावे. चहा गार होतो.

मध्यंतरी माझ्या लक्षात आले, की तनू हल्ली जिना धाडधाड उतरते. मी ओरडलो, तर म्हणाली, "बाबा, आजोबांना आता ऐकू येत नाही. हळू उतरले की ते घाबरतात." खरेच होते. काकांचे कान गेले आहेत. ते खालच्या पायरीशी बसून लोखंडी कठड्याला हात धरून ठेवतात, म्हणजे पावलांची थरथर हाताला कळते. मग तनू समोर उभी राहते, ते उलटा हात दोन्ही गुडघ्यांना लावतात आणि म्हणतात, "गार हाय. सोडा गाडी." मगच ती शाळेत जाते.

परवा मी तिच्यामागून खाली उतरलो. काकांनी हात लावला, पुन्हा लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. साखरेच्या दुखण्याने त्यांच्या बोटांना मुंग्या येतात, हे काकूंनी मला सांगितले होते. हातालाही आता काही कळेनासे झाले, हे त्यांच्या तोंडावर मला दिसले. तनू पाय पुढे करून उभी होती. काकांनी तिच्याकडे बघून मान डोलावली, आणि मग माझ्याकडे बघितले.

"मास्तर, तुमी लावा की."

मी खाली बसलो. उलटा हात आधी डाव्या गुडघ्याला लावला, मग उजव्याला. मन भरेना म्हणून परत एकदा लावला.

"गार आहे, काका," मी मोठ्याने ओरडून सांगितले.

"मग सोडा गाडी," ते म्हणाले.

ती पळाली. आम्ही दोघे भित्रे तिथेच थांबलो, फाटकाची कडी वाजेपर्यंत. ती वाजल्याचे मी काकांना हाताने खूण करून सांगितले.